घराची मागची बाजू

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या भागाला न्यू इंग्लंड म्हणतात. तिथं ब्रिटिश वसाहतीच्या काळातल्या लाकडी घरांचा एक प्रकार आहे. समोरून पाहिलं तर घर दुमजली, सरळसोट, मधोमध विटांचं जाडजूड धुरांडं. बाजूनं पाहिलं की तेच घर एकदम लंगडं दिसतं. पुढचं छप्पर आखूड, आणि मागचं मात्र लांबच लांब उतरत तळमजल्याच्या डोक्यापर्यंत आलेलं. म्हणजे घर पुढून दोन मजल्यांचं आणि मागून एकाच मजल्याचं.

या घरांना ‘सॉल्टबॉक्स’ म्हणतात. तिथल्या जुन्या स्वयंपाकघरात मीठ दमट होऊ नये म्हणून चुलीजवळच्या भिंतीला एक लाकडी पेटी टांगलेली असायची, तिरक्या झाकणाची. घराचा आकार तिच्यासारखा, म्हणून नाव मिठाच्या पेटीचं. घराच्या एका अख्ख्या शैलीला स्वयंपाकघरातल्या डब्याचं नाव मिळावं, हे मला फार आवडतं. आपल्याकडे चौसोपी वाडा असतो, चिरेबंदी वाडा असतो. मिसळणाच्या डब्यावरून नाव पडलेला वाडा मी तरी ऐकलेला नाही.

या लंगड्या छपराची एक लोकप्रिय कथा आहे. इंग्लंडच्या ॲन राणीनं दुमजली घरांवर कर बसवला, तो चुकवायला लोकांनी मागचं छप्पर खाली ओढलं आणि ‘आमचं घर एकमजली’ म्हणून सांगितलं. कथा मजेदार आहे, पण तारखांपुढे टिकत नाही. ॲन राणीचं राज्य १७०२ ते १७१४. मागं उतरतं छप्पर जोडलेली घरं त्याआधीच, सतराव्या शतकातच दिसू लागली होती. खरं कारण साधं आहे. घरात माणसं वाढली, जागा पुरेना, म्हणून मागच्या भिंतीला टेकवून एक बुटकी खोल्यांची रांग काढली आणि वरचं छप्पर तसंच खाली ओढून तिच्यावर घातलं. आपण त्याला पडवी म्हणू. नगरपालिका त्याला ‘वाढीव बांधकाम’ म्हणेल.

पुढे गंमत झाली. हे जोडकाम इतकं सोयीचं ठरलं, की अठराव्या शतकात नवी घरं पहिल्यापासूनच मागच्या लांब उतरणीसकट बांधली जाऊ लागली. गरज होती तिची शैली झाली. आज हीच घरं वारसा म्हणून जपली जातात, त्यांच्यापुढे लोक फोटो काढतात. म्हणजे एके काळचं वाढीव बांधकाम आज वारसा आहे.

हा लेख त्या घरांबद्दल आहे, पण त्याहून जास्त जपणुकीबद्दल आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपण जुनं घर जपतो तेव्हा त्याची समोरची बाजू, एक मोठं नाव आणि एक तारीख जपतो, मागची उतरण खरवडून टाकतो. आणि मागच्या उतरणीत कोण राहत होतं हे पाहिलं, की हा निव्वळ वास्तुशास्त्राचा प्रश्न राहत नाही.

पुढच्या खोलीत संविधान, मागं चूल

सॉल्टबॉक्सच्या मागच्या भागात काय असायचं? बहुतेक घरांत मधोमध स्वयंपाकघर. एका टोकाला, थंड बाजूला, दूध-लोणी ठेवायची खोली. दुसऱ्या टोकाला, चुलीच्या उबेला धरून, एक छोटी खोली: बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी, थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी. पाहुणे पुढच्या खोलीत बसायचे. जन्म, आजारपण, मरण आणि रोजचा स्वयंपाक त्या लांब छपराखाली व्हायचा. आपल्या घरांतली ओटी आणि माजघर आठवा, म्हणजे वेगळं काही समजावून सांगायला नको.

मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी या गावात अशी दोन सॉल्टबॉक्स घरं एकमेकांशेजारी उभी आहेत. एकात १७३५ साली जॉन ॲडम्स जन्मला, दुसऱ्यात १७६७ साली त्याचा मुलगा जॉन क्विन्सी ॲडम्स. बाप अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला, मुलगा सहावा. दुसऱ्या घरात जॉन ॲडम्सचं वकिलीचं ऑफिस होतं, आणि १७७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या संविधानाचा मसुदा त्याच घरात तयार झाला. ते संविधान, अर्थात पुष्कळ दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. लोक तिथं जातात ते यासाठी.

पण जॉन ॲडम्स बहुतेक काळ घराबाहेर असायचा. क्रांतीच्या वर्षांत घर, शेत आणि मुलं सांभाळली ती त्याची बायको ॲबिगेल हिनं. मार्च १७७६ मध्ये तिनं नवऱ्याला पत्र लिहिलं आणि बजावलं, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. नवऱ्यानं ते हसण्यावारी नेलं. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं.

घराचा आराखडाच इथं बोलतो. पुढच्या खोलीतल्या कागदात जे आलं नाही, ते मागच्या उतरणीखाली रोज घडत होतं. घर जपताना पुढची खोली तेवढी नीट मांडली आणि मागं नुसती तांब्या-पितळेची भांडी टांगली, तर आपण जॉनच्या बाजूनं निकाल देतो. ॲबिगेलचं पत्र समजून घ्यायला तिची चूल लागते.

खरवडणाऱ्यांची हौस

बॉस्टन शहरातलं पॉल रिव्हिअरचं घर जपणुकीच्या इतिहासात गाजलेलं आहे. हा रिव्हिअर चांदीकाम करणारा कारागीर. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री, ब्रिटिश फौज निघाल्याची खबर घेऊन तो घोड्यावरून गेला आणि अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या पुस्तकात जाऊन बसला. घर साधारण १६८० चं. रिव्हिअरनं ते १७७० साली घेतलं आणि १८०० साली विकलं. त्यानंतर शंभर वर्षं ते घर चाळीसारखं वापरलं गेलं. खलाशी राहिले, मग स्थलांतरित कुटुंबं राहिली. तळमजल्यावर वेगवेगळ्या काळात मिठाईचं दुकान, सिगारचा कारखाना, बँक, भाजी-फळांचा धंदा असं सगळं चाललं.

१९०२ साली रिव्हिअरच्या एका वंशजानं घर विकत घेऊन पाडकामापासून वाचवलं. १९०७-०८ मध्ये जोसेफ चँडलर या वास्तुकारानं त्याचं ‘पुनरुज्जीवन’ केलं. दुकानं गेली. नंतर वाढवलेला तिसरा मजलाही काढून टाकला. घर पुन्हा सतराव्या शतकातलं दिसू लागलं. अडचण एवढीच, की तो तिसरा मजला रिव्हिअरच्या काळात तिथं होता. म्हणजे आज लोक ‘रिव्हिअरचं घर’ म्हणून जे पाहतात, ते रिव्हिअरला स्वतःला धड ओळखू येणार नाही. एका माणसाचं नाव जपायचं म्हणून त्याच्या नंतरची माणसं पुसली, आणि जुनेपणाच्या हौसेत त्या माणसाचं घरही पुसलं.

अशा कामाला विरोध तेव्हाही होता. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसनं १८७७ सालीच जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं टोपणनाव होतं ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याच्या विरोधात. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेनं हे तत्त्व म्हणून मांडलं: इमारतीत वेगवेगळ्या काळांनी घातलेली भर मानली पाहिजे, सगळं एका शैलीत आणणं हे डागडुजीचं उद्दिष्ट नव्हे. सनद जगभर शिकवली जाते. तरी हात खरवडायलाच शिवशिवतात.

याच्या उलट बॉस्टनजवळच्या डेडहॅम गावातलं फेअरबँक्स घर. लाकडाच्या वर्षवलयांवरून त्याचा काळ १६३७ ते १६४१ असा ठरला आहे; उत्तर अमेरिकेतलं उभं असलेलं सर्वांत जुनं लाकडी सांगाड्याचं घर म्हणून ते ओळखलं जातं. एकाच कुटुंबाच्या पिढ्यांमागून पिढ्या तिथं राहिल्या. मागं उतरतं छप्पर जोडलं गेलं, मग दोन्ही अंगांना वेगळ्याच घडणीच्या छपरांचे भाग चिकटवले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुटुंबाच्या मंडळानं ते ताब्यात घेऊन लोकांसाठी खुलं केलं, पण मूळ रूपात आणायच्या नादानं ही जोडकामं काढून टाकली नाहीत. घराची पाठ वाकलेली आहे, एकही रेघ सरळ नाही. मला ते रिव्हिअरच्या घरापेक्षा कितीतरी जास्त खरं वाटतं.

या घरांबद्दल अभ्यासक एक गोष्ट सांगतात, ती मला या सगळ्या वादाचा निकाल वाटते. मागची उतरण नंतर जोडलेली असेल, तर घराची जुनी बाहेरची भिंत तिच्या छपराआड झाकली जाते. त्यामुळे काही घरांत समोरच्या फळ्या ऊन-पाऊस-बर्फानं सडून केव्हाच बदलल्या गेल्या, पण मागच्या उतरणीच्या माळ्यावर सतराव्या शतकातल्या मूळ फळ्या जशाच्या तशा सापडल्या. मूळ घर वाचलं ते वाढीव खोलीमुळे. ‘मूळ’ मिळवायला उतरण पाडणारा माणूस नेमका मूळ पुरावाच उघड्यावर टाकतो.

स्मारकासाठी पाडलेलं घर

आता पुण्यात येऊ. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. शाळा त्या वाड्यात फार काळ राहिली नाही. पुढे १८५१ मध्ये चिपळूणकर वाड्यात शाळा भरू लागली, मग आणखी ठिकाणी. भिडे वाडा मात्र उभा राहिला. दगडूशेठ गणपतीच्या समोर, पुण्यातल्या सगळ्यांत गर्दीच्या रस्त्यावर. खाली दुकानं, दुकानांत भाडेकरू, वर पडझड. रिव्हिअरच्या घरासारखंच.

राष्ट्रीय स्मारकाची मागणी जुनी होती, आणि भूसंपादनावरून भाडेकरूंशी खटला वर्षानुवर्षं चालला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकेच्या बाजूनं निकाल दिला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री वाडा पाडला. सप्टेंबर २०२४ मध्ये स्मारकाची पायाभरणी झाली.

मी इथं ‘वाडा पाडायलाच नको होता’ असं म्हणत नाही. तो मोडकळीला आला होता, आणि त्याची वाट पाहण्यात किती वर्षं गेली हे सगळ्यांना माहीत आहे. स्मारक व्हायलाच हवं. पण या गोष्टीतला विरोधाभास गिळून टाकू नये: ज्या घरासाठी स्मारक, ते घर स्मारकाच्या जागेसाठी पाडावं लागलं. आता तिथं जी इमारत उभी राहील तिची कसोटी दर्शनी भाग किती भव्य, ही नसेल. १८४८ नंतरची १७५ वर्षं तिथं सांगितली जातात का, ही असेल. शाळा का हलली, कुणाच्या विरोधानं हलली. त्यानंतर त्या वाड्यात कोण राहिलं, कुणी दुकान चालवलं, मुलींच्या त्या शाळेची जागा आहे हे माहीत असूनही शहरानं इतकी वर्षं काय केलं. हा भाग सोडून दिला, तर स्मारक सावित्रीबाईंचं कमी आणि आपल्या निर्दोषपणाचं जास्त होईल.

गंज पेठेतला फुले वाडा सुदैवानं उभा आहे, राज्य संरक्षित स्मारक आहे. १८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो प्रसंग आपण सगळे शाळेत शिकतो. पण मला त्या घराबद्दल दुसरी गोष्ट मोठी वाटते. १८६३ मध्ये या दांपत्यानं फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, तेही आपल्याच घरी. अशा बायकांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं तर ठेवून जावं. त्यांतल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या तेव्हा दवाखाना त्याचाच होता.

न्यू इंग्लंडच्या घरातली ती चुलीशेजारची बाळंतिणीची खोली आठवते? फुल्यांनी ती खोली घरच्या सुनांपुरती ठेवली नाही, ज्यांना कुठल्याच घरात जागा नव्हती त्यांच्यासाठी उघडली. महाराष्ट्रातल्या एखाद्या घरात मला एकच खोली जपायला सांगितली, तर मी ही जपेन. समोर पुतळा असो, अंगण असो, पण वाडा पाहायला आलेल्या शाळकरी मुलीला कुणीतरी सांगायला हवं, की इथं बायका रात्री यायच्या आणि कुणी त्यांना नाव विचारायचं नाही.

वाड्याचं प्रेम आणि वाड्याची भीती

मराठी वाचकाला जुनं घर म्हटलं की ‘वाडा’ आठवतो, आणि वाडा म्हटलं की महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. १९८५ साली ते रंगभूमीवर आलं. त्यावर बोलताना आपण हळवे होतो: एकत्र कुटुंब, चौक, ढासळता वैभवकाळ. पण नाटक नीट पाहिलं तर ते समोरच्या चौकापेक्षा मागच्या बाजूकडे जास्त पाहतं. शिकायचं होतं पण शिकू दिलं नाही अशी प्रभा, घराचा सख्खा भाऊ असून गड्यासारखा राबणारा चंदू, यांच्या अंगावर तो वाडा उभा आहे. एलकुंचवारांनी उतरण दाखवली. आपण तिकीट काढून दर्शनी भागासाठी रडलो.

शिवाय वाड्याची आठवण सगळ्यांची सारखी नाही. कुणाची आठवण झोपाळ्याची, कुणाची उंबऱ्याबाहेर उभं राहिल्याची. आणि मराठवाड्यात तर जुन्या घराची आणखी एक आठवण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या वजनानं लादलेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो गेले. उन्हाळ्यात गार राहणारं ते माळवद ज्यांच्या घरच्यांवर पडलं, त्यांना पारंपरिक वास्तुकलेचं कौतुक सांगायला जाऊ नये. जपणूक म्हणजे जुन्याची पूजा नव्हे. जुनं घर माणसाला मारणार असेल तर ते बदललंच पाहिजे. फक्त काय बदललं आणि का, याची खूण राहावी.

आमच्या गल्लीतली सॉल्टबॉक्स

मी बजाजनगरात वाढले. ज्या १९८५ साली ‘वाडा चिरेबंदी’ आलं, त्याच वर्षी वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आमच्या वस्तीचं नाव त्यावरून. शहराला बावन्न दरवाजांचं म्हणतात. आमच्या भागात एकही दरवाजा नाही, मकबरा नाही, पाणचक्की नाही. वारसा पाहायला आम्ही शहरात जातो. इथं सगळं कालपरवाचं, असं आम्हीच पाहुण्यांना सांगतो.

पण घरं बघा. मूळ रो-हाऊस म्हणजे पुढं एक खोली, मागं एक, मग मोरी. आमच्या वडिलांनी १९९० च्या दशकात असंच घर घेतलं. धाकटे काका गावाकडून कंपनीत लागायला आले, तेव्हा मागच्या मोकळ्या पट्ट्यात विटांची भिंत घातली आणि स्लॅबच्या खालून उतरता पत्रा काढून खोली केली. काका लग्न होऊन वेगळे निघाले, मग ती खोली आईच्या शिवणाच्या मशीनची झाली. नंतर तिथं आजी आजारपणात राहिली, कारण मोरी जवळ होती. आज तिथं दोन अप्रेंटिस मुलं भाड्यानं राहतात. पावसात पत्रा इतका वाजतो, की फोनवर बोलता येत नाही.

बाजूच्या बोळातून पाहिलं तर घर पुढून उंच, मागून बुटकं. गल्लीतली बहुतेक घरं अशीच. चूल, आजारपण, पाहुणा माणूस, भाडेकरू: तीनशे वर्षांपूर्वी न्यू इंग्लंडच्या उतरणीत जे राहत होतं तेच आमच्या पत्र्याखाली राहतं. फरक इतकाच, की त्या उतरणीला शैलीचं नाव मिळालं आणि आमच्या खोलीला नोटीस येऊ शकते.

बजाजनगरचं रो-हाऊस संरक्षित स्मारक करा, असं मी म्हणणार नाही. त्या पत्र्याखाली उन्हाळ्यात राहून दाखवा, मग बोलू. ती खोली उद्या पाडून आम्ही नीट स्लॅब टाकू आणि मला त्याचं जराही वाईट वाटणार नाही. पण पाडण्याआधी तिची नोंद व्हावी. मराठवाड्यातल्या शेतीतून कारखान्यात आलेल्या एका पिढीचा इतिहास कंपनीच्या गेटवर लिहिलेला नाही, तो या मागच्या खोल्यांत आहे: कोणत्या वर्षी कोण आलं, किती दिवस राहिलं, कंपनीनं ब्रेक दिल्यावर कुठं गेलं.

हे काम करायला पुरातत्त्व खात्याची वाट पाहावी लागत नाही. तुमच्या खिशात फोन आहे. घराचा फोटो एकदा समोरून न काढता बाजूनं काढा, जिथून जुनी भिंत आणि नवं जोडकाम यांचा सांधा दिसतो. मग घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला विचारा, की ही खोली कधी काढली आणि कुणासाठी. पुरुष बहुतेक खर्च सांगतील. बाया साल सांगतील, कारण त्या साली घरात कोण आलं होतं किंवा कोण गेलं होतं हे त्यांच्या लक्षात असतं. ते साल फोटोखाली लिहून ठेवा.